मोटार शर्यतीचा छंद : परवडणारा प्रवेशमार्ग कोणता?

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी पहाटे अडीचच्या सुमारास दूरध्वनी खणखणला. पलीकडे माझ्या एका जुन्या रुग्णाचे वडील होते. रुग्ण एव्हाना सतरा वर्षांचा झाला होता. बीसीजीपासून त्याची प्रत्येक लस मीच टोचलेली. त्याचे लसीकरणाचे कार्ड माझ्याच अक्षरांनी भरलेले. त्या रात्री वडिलांच्या नकळत गाडी काढून त्याने महामार्गावर दोन मित्रांशी शर्यत लावली होती. मी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा अतिदक्षता विभागातील सहकारी हातमोजे उतरवीत होते.

पुढे पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी भेटीस गेलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोहायची हौस असती तर तलावावर घातलं असतं, कुस्तीची असती तर तालमीत घातलं असतं. ह्याला शर्यतच लावायची होती, तर आम्ही त्याला कुठं पाठवायला पाहिजे होतं?"

गोवर, धनुर्वात, पोलिओ यांपासून राखलेला मुलगा ज्या कारणाने गेला, त्याविषयी मजजवळ सांगण्यासारखे काहीच नव्हते. त्या प्रश्नाने मला या विषयाकडे वळविले. आपले बेळगाव हे ओतकामाचे आणि यंत्रसुट्याभागांचे गाव. येथील मुलांना इंजिनाचे वेड असावे यात नवल नाही. ते वेड बंदिस्त, सुरक्षित जागी नेण्याचे मार्ग आपल्या देशात आहेत आणि त्यांतील काही मध्यमवर्गीय कुटुंबासही परवडणारे आहेत. त्यांची क्रमवार ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. व्यवसायबंधूंपैकी ज्यांना स्वतःलाच हा छंद खुणावतो, त्यांनाही तो उपयोगी पडावा.

१. रस्ता हे शर्यतीचे ठिकाण नव्हे

प्रथम कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुन्हा तसेच केल्यास मुदत एक वर्षापर्यंत व दंड १०,००० रुपयांपर्यंत जातो. याच दुरुस्तीने कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहनविषयक गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ही तरतूद आहे. गुन्हा आपल्या नकळत घडला अथवा तो टाळण्यासाठी आपण योग्य दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर येतो.

दुसरी बाब विम्याची. आपल्या खाजगी गाडीचे विमापत्र काढून वाचावे. त्यातील वापराच्या मर्यादांमध्ये आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वासार्हता चाचणी हे उपयोग वगळलेले आढळतील. अर्थात घरची गाडी घेऊन रीतसर स्पर्धेत उतरलो आणि ती उलटली, तरी तो खर्च आपल्याच खिशातून होतो. व्यक्तिगत अपघात विम्यातही अशा खेळांविषयीची कलमे असतात. तीही आधी पाहून ठेवावीत.

रीतसर स्पर्धा म्हणजे कोणती? फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, अर्थात एफएमएससीआय, ही या खेळाची राष्ट्रीय संघटना आहे. तिची मान्यता असलेल्या स्पर्धेस नियमपुस्तिका असते, वाहनाची तपासणी होते, रुग्णवाहिका व डॉक्टर जागेवर असतात आणि स्पर्धकास संघटनेचा स्पर्धा परवाना घ्यावा लागतो. 'या स्पर्धेला मान्यता आहे काय?' हा मुलाने आयोजकास विचारण्याचा पहिला प्रश्न होय.

२. खर्च मोजण्याची रीत आणि माझी चूक

नवशिक्याची नेहमीची चूक मीही केली. मी प्रथम गाडी विकत घेतली. एक जुनी छोटी मोटार स्वस्तात मिळाली म्हणून आणली. मग तिला सुरक्षापिंजरा, शर्यतीचे आसन, पट्टे, रुंद टायर असे एकेक करीत गेलो. सुरक्षापिंजरा बसविलेली गाडी रस्त्यावर चालविणे नियमात बसत नाही, हे मला नंतर उमगले. म्हणजे शर्यतीच्या ठिकाणी नेण्यासाठी ती मालमोटारीवर चढवावी लागणार. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई आणि कोईम्बतूर हे दक्षिणेतील दोन्ही प्रमुख ट्रॅक आपल्यापासून सुमारे आठशे किलोमीटर दूर. दीड वर्षात ती गाडी एकही शर्यत न धावता अंगणात उभी राहिली आणि अखेर भंगाराहून थोड्या बऱ्या किमतीला गेली.

या अनुभवातून मी एक साधे कोष्टक शिकलो. गाडीची किंमत विचारू नये. प्रत्यक्ष चक्राशी मिळणाऱ्या एका मिनिटाची किंमत काढावी. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्ष दर त्या त्या वेळी विचारून भरावेत.

समजा, भाड्याच्या कार्टची दहा मिनिटांची फेरी ५०० रुपयांस पडते : मिनिटास ५० रुपये. समजा, आयोजकांचीच गाडी भाड्याने घेऊन ट्रॅकवरील तीन दिवसांच्या स्पर्धेस सारे धरून दीड लाख खर्च आला आणि सराव, पात्रता फेरी व शर्यती मिळून ७५ मिनिटे गाडी चालविली : मिनिटास २,००० रुपये. समजा, स्वतःची गाडी तयार करण्यास सहा लाख लागले आणि वर्षात दोन स्पर्धांस प्रत्येकी एक लाख : आठ लाखांत १५० मिनिटे, म्हणजे मिनिटास ५,३०० रुपयांहून अधिक. पहिल्या आणि तिसऱ्या मार्गात शंभरपटीहून मोठे अंतर आहे. शिकण्यासाठी मात्र नवशिक्यास मिनिटेच हवी असतात.

आपल्या व्यवसायात याखेरीज एक अदृश्य रकाना असतो : बंद दवाखाना. चेन्नईची एक स्पर्धा म्हणजे प्रवास धरून चार-पाच दिवस बाह्यरुग्ण विभाग बंद. हा रकाना भरल्यावाचून हिशेब पूर्ण होत नाही.

३. पहिली पायरी : टीएसडी रॅली

वेळ, वेग आणि अंतर यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. यात सर्वांत वेगवान गाडी जिंकत नाही. आयोजक मार्गाचे टप्पे पाडून प्रत्येकासाठी सरासरी वेग ठरवून देतात. तो कायदेशीर मर्यादेच्या आतला असतो. समजा, १२ किलोमीटरच्या टप्प्यास ताशी ३६ किलोमीटर सरासरी दिली; म्हणजे तो टप्पा बरोबर २० मिनिटांत पुरा व्हावयास हवा. मधल्या तपासणी नाक्यांची जागा स्पर्धकास ठाऊक नसते. तेथे उशिरा पोहोचल्यास दंडगुण, लवकर पोहोचल्यासही दंडगुण.

घरची मोटार, चालक, शेजारी मार्गदर्शक, एक चांगले घड्याळ आणि अंतरमापक एवढ्यावर हा खेळ होतो. मार्गपत्रकात वळणांच्या छोट्या आकृती असतात. त्यांना नेदरलँड्समधील ट्यूलिप रॅलीवरून ट्यूलिप म्हणतात. माझी पत्नी भूलतज्ज्ञ आहे. घड्याळावर आणि आकड्यांवर सलग लक्ष ठेवण्याची सवय तिला माझ्याहून अधिक; म्हणून मार्गदर्शकाचे आसन तिचे. आमच्या पहिल्या रॅलीत मी तिचे ऐकले नाही, एक डावे वळण चुकलो आणि आम्ही शेवटून दुसरे आलो. दुसऱ्या रॅलीत ऐकले आणि मधल्या क्रमांकावर आलो. एवढ्या खर्चात संसाराचा इतका उपयुक्त धडा अन्यत्र मिळणे कठीण!

गाडीवरील ताबा, मार्ग वाचणे, नियम पाळणे आणि संयम या चार गोष्टी येथे शिकता येतात. वेगाची हौस मात्र येथे भागत नाही. ती भागविण्यासाठी पुढची पायरी.

४. दुसरी पायरी : कार्टिंग

१९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी गवतकापणी यंत्राचे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवून पहिला कार्ट केला. आजही त्याची रचना तितकीच सरळ आहे. त्यास स्प्रिंगांची झुलती बैठक नाही, मागील दोन्ही चाकांस एकच आस. त्यामुळे ब्रेक, वळण आणि टायरची पकड यांत चालकाने केलेली चूक त्याला तत्काळ अंगाला जाणवते. जागतिक कीर्तीचे बहुतेक शर्यतपटू याच शाळेतून गेले आहेत.

भाड्याचे कार्ट सहसा चार-स्ट्रोक इंजिनाचे व माफक वेगाचे असतात. स्पर्धेचे १२५ सीसी दोन-स्ट्रोक कार्ट ताशी १०० किलोमीटरपलीकडे जातात. आपल्यापासून दोन-अडीच तासांवर कोल्हापुरात राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. गोव्यातही भाड्याच्या कार्टची सोय झालेली आहे. निघण्यापूर्वी ट्रॅक त्या दिवशी खुला आहे काय, हे दूरध्वनीवरून विचारून घ्यावे.

पद्धत अशी असावी. सहा महिने केवळ भाड्याचा कार्ट चालवावा. दर वेळी फेरीची वेळ वहीत नोंदवावी. जसा आपण बाळाच्या वजनाचा आलेख काढतो, तसा वेळेचा काढावा. आलेख उतरत असेल आणि मुलाची गोडी टिकून असेल, तरच स्पर्धेच्या कार्टचा विचार करावा. तोही प्रथम एखाद्या संघाकडून भाड्याने. स्वतःचा कार्ट घेतला की टायर, इंजिनाची ठराविक तासांनी दुरुस्ती आणि वाहतूक हे तिन्ही खर्च मागे लागतात.

५. तिसरी पायरी : ऑटोक्रॉस

मोकळ्या मैदानावर खुणा मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. आपल्याकडे बहुधा मातीचे मैदान असते. एका वेळी एक किंवा दोन गाड्या सोडतात आणि स्पर्धा घड्याळाशी असते. दुसऱ्या गाडीशी धडक होण्याचा संभव अल्प आणि अंतर थोडे. इंजिनाच्या क्षमतेनुसार गट असल्याने छोटी जुनी गाडीही आपल्या गटात बरोबरीने लढते. धूळ, घसरण आणि हँडब्रेकचा उपयोग येथे शिकता येतो. पूर्वी सांगितलेले विम्याचे कलम येथे लागू पडते, हे विसरू नये. ज्या गाडीतून सोमवारी दवाखान्यात जावयाचे आहे, ती रविवारी मैदानात उतरवू नये.

६. चौथी पायरी : ट्रॅकवरील शर्यत

भारतातील ट्रॅक शर्यतींची परंपरा चेन्नईजवळील शोलावरमच्या धावपट्टीवर वाढली. १९९० पासून इरुंगट्टुकोट्टई येथे ३.७ किलोमीटरचा कायमस्वरूपी ट्रॅक आहे. कोईम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २००३ मध्ये सुरू झाला, तो एस. करिवर्धन यांच्या नावे आहे. १९९५ साली विमान अपघातात निधन पावलेल्या या माणसाने भारतीय शर्यतपटूंवर मोठे उपकार केले. मारुतीच्या ८०० सीसी गाडीचे इंजिन घेऊन त्यांनी फॉर्म्युला मारुती ही एकासनी, सर्वांना सारखी अशी गाडी घडविली. २००५ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतीत उतरणारे पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांची शर्यतीतील पहिली पावले या फॉर्म्युला मारुतीतच पडली. ज्या इंजिनाने आपण भाजी आणावयास जात होतो, त्याच इंजिनाने हा प्रवास सुरू झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच परंपरेत पुढे १.३ लिटर इंजिनाची फॉर्म्युला एलजीबी ही श्रेणी आली. अशा श्रेणीत सर्वांची यंत्रे एकसारखी असतात, म्हणून अधिक पैसा ओतून अधिक वेग विकत घेण्यास फारसा वाव राहत नाही. २०१० मध्ये भारतात सुरू झालेल्या फोक्सवॅगन पोलो चषकाने आणखी एक रीत रुळविली : स्पर्धकाने शुल्क भरावे, केवळ हेल्मेट घेऊन यावे, गाडी, टायर, यंत्रज्ञ सारे आयोजकांचे. दूर राहणाऱ्या, नोकरी-व्यवसाय सांभाळणाऱ्या हौशी माणसास ही रीत सर्वांत सोयीची. गाडीची मोडतोड झाल्यास भरपाईची कमाल मर्यादा किती, हे मात्र सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे. पहिल्या वर्षी याचा विसर पडलेल्या अनेकांचा छंद एका धडकेत संपतो.

स्वतःची शर्यतीची गाडी ही पाचवी पायरी. ती चढण्यापूर्वी निदान दोन वर्षे वरील मार्गांनी गेलेली असावीत. आणि एक कसोटी : रविवारी संध्याकाळी ती गाडी भंगारात टाकावी लागली, तरी सोमवारी घरच्या अंदाजपत्रकास धक्का लागू नये.

७. काटकसर कोठे करू नये

गाडी जुनी चालेल, पोशाख दुसऱ्याचा चालेल. परंतु हेल्मेट दुसऱ्याचे, पडलेले किंवा दुचाकीचे घेऊन मोटारशर्यतीस उतरू नये. मोटारशर्यतीच्या हेल्मेटचे अस्तर आगीस दाद न देणारे असते. लहान मुलांसाठी हलक्या वजनाच्या हेल्मेटचा निराळा दर्जा आहे आणि त्यामागे आपल्याच शास्त्राचे कारण आहे. बालकाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, मानेचे स्नायू व बंध कोवळे. त्यावर जड हेल्मेट चढविले तर झटक्यात मानेवर येणारा ताण वाढतो. प्रौढांचे हेल्मेट आतून फडके घालून मुलास बसविणे हे वात्सल्य नव्हे.

मोटारीत पाच-सहा पट्ट्यांनी धड जखडले जाते, डोके मात्र मोकळे राहते. समोरून धडक बसता कवटीच्या तळाचा अस्थिभंग होतो तो यामुळे. जैवयांत्रिकीचे अमेरिकन प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी १९८० च्या दशकात यावर डोके-मान आधार तयार केला; २००३ पासून तो फॉर्म्युला वनमध्ये अनिवार्य झाला. हौशी स्पर्धकानेही तो घ्यावा.

स्पर्धेच्या कार्टला पट्टा नसतो. तेथे बरगड्या आसनाच्या कडेवर आदळतात, म्हणून बरगड्यांचे कवच हवे. मोकळे केस, ओढणी, पदर यांविषयी सक्त राहावे. २०१८ मध्ये हरियाणातील पिंजौर येथे आणि २०२० मध्ये हैदराबाद येथे केस कार्टच्या फिरत्या भागात अडकून तरुण स्त्रियांचे प्राण गेले. दोन्ही वेळी खेळ सहलीचा होता, स्पर्धेचा नव्हे. केस बांधून पोशाखाच्या आत खोचल्याखेरीज बसू देऊ नये.

डोक्यास मार लागून मूल क्षणभरही गोंधळले, तर त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. त्याची कितीही इच्छा असो, आपण कितीही शुल्क भरलेले असो. उष्म्याचाही विचार हवा. जाड पोशाखात, उन्हात घामावाटे मोठ्या प्रमाणावर पाणी व क्षार जातात. आपले जुने ओआरएस येथेही तितकेच कामाचे.

आणि पन्नाशीतल्या मित्रांसाठी : शर्यतीत नाडीचे ठोके मिनिटास दीडशेपलीकडे जाणे सामान्य आहे. रक्तदाब, मधुमेह व हृदय यांची रीतसर तपासणी करून मगच वैद्यकीय प्रमाणपत्र घ्यावे, तेही सहकाऱ्याकडून तपासून घेऊन. आपले प्रमाणपत्र आपणच लिहिण्याचा मोह टाळावा.

८. डॉक्टरांसाठी एक विनामूल्य दार

मोटारशर्यत डॉक्टरांवाचून सुरू होऊ शकत नाही. ब्रिटिश मेंदूशल्यचिकित्सक प्रा. सिड वॉटकिन्स यांनी १९७८ ते २००४ या काळात फॉर्म्युला वनची वैद्यकीय व्यवस्था पार बदलून टाकली. १९९५ मध्ये ॲडिलेड येथे मिका हॅकिनेन यांच्या गाडीचा भीषण अपघात झाला, तेव्हा ट्रॅकच्या कडेलाच गळ्यातून श्वासमार्ग मोकळा करून त्यांचे प्राण वाचविण्यात आले. ते काम करणारे हात स्थानिक रुग्णालयातील स्वयंसेवक डॉक्टरांचे होते. हॅकिनेन पुढे १९९८ व १९९९ मध्ये विश्वविजेते झाले.

ज्यांस खर्च नकोसा वाटतो, त्यांनी जवळच्या रॅलीच्या किंवा कार्टिंग स्पर्धेच्या आयोजकांस पत्र लिहून वैद्यकीय पथकात सेवा देऊ करावी. एका दिवसात शर्यत आतून पाहता येते, अपघात कशाने होतात ते कळते आणि आपल्या मुलास यात घालावे की नाही, याचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

आपल्या संघटनेसाठीही एक सूचना आहे. अनेक शहरांत अंध मार्गदर्शकांची टीएसडी रॅली होते. मार्गपत्रक ब्रेल लिपीत असते, अंध मुलगा वाचतो आणि डोळस चालक ऐकतो. पुढील वर्षी आपण ती भरवावी.

सारांश

१) स्पर्धेस राष्ट्रीय संघटनेची मान्यता आहे काय, हे प्रथम पाहावे.
२) गाडीच्या किमतीऐवजी चक्राशी मिळणाऱ्या मिनिटाची किंमत काढावी, बंद दवाखाना त्यात धरावा.
३) क्रम असा : टीएसडी रॅली, भाड्याचा कार्ट, ऑटोक्रॉस, भाड्याच्या गाडीने ट्रॅक. स्वतःची गाडी सर्वांत शेवटी.
४) हेल्मेट, मानेचा आधार व वैद्यकीय तपासणी यांत काटकसर नको.

गेल्या वर्षी मी त्या वडिलांकडे पुन्हा गेलो. त्यांचा धाकटा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. मी त्यांना वरील क्रम एका कागदावर लिहून दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारले, "कोल्हापूरला रविवारी गेलं तर चालतं का?" मी म्हटले, "चालतं. मीही येतो." त्या रविवारी मुलाच्या पाच फेऱ्या झाल्या. वडील कुंपणाशी उभे राहून प्रत्येक फेरी मोजत होते. परतताना मोटार त्यांनी स्वतः चालविली. मुलगा मागे गाढ झोपला होता.